मुलांची बद्धकोष्ठता: औषध थांबवायची घाई का नको

तीन वर्षांचा होता होता माझा मुलगा बाहेरच्या खोलीतल्या पडद्यामागे जाऊन उभा राहायला लागला. टाचा उचललेल्या, मांड्या घट्ट आवळलेल्या, तोंड लालबुंद, एका हातात खिडकीचा गज. आम्ही म्हणायचो, किती कुंथतोय बिचारा, तरी होत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा व्हायची ती मोठ्या माणसालाही दुखेल एवढी जाड आणि खड्यासारखी कडक. त्या वेळचं त्याचं रडणं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. डॉक्टरबाईंनी मी मोबाइलवर काढलेला त्याचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "तो कुंथत नाहीये. शी बाहेर येऊ नये म्हणून रोखून धरतोय."

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. ते नीट कळलं की औषध कशासाठी, इतके महिने का, आणि मध्येच सोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून का सुरू होतं, हे समजायला सोपं जातं. मी डॉक्टर नाही. पुढे औषधांची प्रमाणं येतील, ती डॉक्टर काय सांगताहेत हे आपल्याला समजावं म्हणून. आपल्या मुलाला किती द्यायचं ते त्याचं वजन आणि पोट तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. रोज शी झाली नाही म्हणजे बद्धकोष्ठता, असं नसतं. फक्त अंगावर पिणारं बाळ पहिले काही आठवडे उलटले की कधीकधी सात-आठ दिवसही शी करत नाही. दूध पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि शेवटी होणारी शी मऊ असेल तर त्याला काहीही द्यावं लागत नाही. काही तान्ही बाळं शी करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं रडतात, लाल होतात, आणि मग अगदी मऊ शी करतात. पोटाचा जोर लावणं आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडणं, हे दोन्ही एकत्र जमायला त्यांना वेळ लागतो, इतकंच. ते आपोआप जमतं. चार वर्षांच्या पुढे बहुतेक मुलांचं मोठ्यांसारखं होतं, दिवसाला एकदा किंवा थोडं मागेपुढे.

डॉक्टर बद्धकोष्ठता म्हणतात ती वेगळी. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होणं, ती कडक असणं किंवा होताना दुखणं, संडास तुंबेल एवढी जाड होणं, मूल रोखून धरतंय असं दिसणं, शी सांगायला शिकलेल्या मुलाची चड्डी पुन्हा भरायला लागणं, तपासताना गुदाशयात मळाचा मोठा गोळा हाताला लागणं. यातल्या दोन तरी गोष्टी महिनाभर चालू असतील तर ती उपचार करायची बद्धकोष्ठता. अशा शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांच्या आतड्यात कुठलाही दोष नसतो. म्हणून साध्या केसमध्ये डॉक्टर एक्स-रे, रक्त, सोनोग्राफी काहीच सांगत नाहीत. त्यावरून "यांनी तपासलंच नाही" असं वाटून घेऊ नये.

रोखण्याचं चक्र

गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा पिशवीसारखा भाग. तिथे मळ आला की भिंत ताणली जाते आणि आपल्याला "लागली" असं कळतं. गुदद्वाराशी दोन स्नायू कड्यासारखे असतात. आतलं कडं भिंत ताणली की आपोआप सैल होतं. बाहेरचं आपल्या ताब्यात असतं, म्हणून तर आपण बसमध्ये असताना घरी पोहोचेपर्यंत थांबू शकतो.

मुलाला एकदा कधीतरी कडक शी होते. वरचं खाणं सुरू करताना होते, तापात पाणी कमी गेल्यावर होते, शी-शूची सवय लावताना आपण फार मागे लागलो की होते, प्रवासात होते, शाळा सुरू झाली की होते. शाळेचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. अस्वच्छ, पाणी नसलेल्या, कडी न लागणाऱ्या संडासात जायचं नाही म्हणून कित्येक मुलं, आणि मुली तर जास्तच, सकाळी सातपासून दुपारपर्यंत रोखून धरतात. तर ती कडक शी दुखते, कधी चीर पडते, रक्ताचा ठिपका दिसतो. मूल मनाशी पक्कं करतं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. पुढच्या वेळी लागली की ते बाहेरचं कडं आणि कुल्ले आवळून धरतं. मळ मागे सरकतो, लागल्याची जाणीव विरते. आतडं आपलं काम करत राहतं, म्हणजे त्या मळातलं पाणी शोषत राहतं. दोन दिवसांनी तो आणखी कडक, आणखी मोठा. मग तो आणखी दुखतो, आणि मुलाची खात्री पटते की आपलं बरोबर होतं.

असं आठवडेच्या आठवडे चाललं की गुदाशय पसरतो. सैल पडलेल्या पिशवीत थोडा मळ आला तरी भिंत ताणली जात नाही, त्यामुळे मुलाला लागल्याचं कळतच नाही. इथून खरी अडचण सुरू होते, कारण आता मुलाने ठरवलं तरी वेळेवर जाणीव होत नाही.

आणि मग येते गळती. आत खड्यांचा गोळा अडकलेला, वरून येणारा पातळ मळ त्याच्या कडेने वाट काढत चड्डीत उतरतो. घरात वाटतं की जुलाब लागले, किंवा आळस करतोय, खेळ सोडून उठत नाही. काही घरांत जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, काही घरांत मार. मुलाला यातलं काही कळत नसतं. ती गळती त्याच्या ताब्यातली नसते आणि बऱ्याचदा त्याला वाससुद्धा येईनासा झालेला असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाची चड्डी पुन्हा खराब व्हायला लागली तर रागावण्याआधी त्याचं पोट डॉक्टरांना दाखवा. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे रात्री अंथरूण ओलं होणं आणि लघवीचा संसर्ग हेसुद्धा अशा मुलांत जास्त दिसतं.

आधी पोट रिकामं करायचं

गोळा अडकलेला असेल तर तो काढल्याशिवाय पुढचं औषध लागू पडत नाही. पूर्वी यासाठी एनिमा हाच मार्ग समजला जायचा. आता पहिली पसंती असते तोंडावाटे घ्यायच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलला, म्हणजे पीईजीच्या पावडरीला. ॲम्स्टरडॅममध्ये ९० मुलांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एनिमा आणि जास्त मात्रेतली पीईजी या दोन्हींचा उपयोग सारखाच झाला. ज्या मुलाला मुळात त्याच जागेची भीती बसली आहे, त्याला धरून एनिमा देण्याची गरज टळते, हे माझ्या मते फार मोठं आहे.

२०१४ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पोट साफ करण्यासाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम पीईजी, ३ ते ६ दिवस, असं प्रमाण आहे. म्हणजे १५ किलोच्या मुलाला दिवसाला १५ ते २२ ग्रॅमच्या आसपास. ही मात्रा ऐकून घाबरायला होतं, आणि या दिवसांत गळती वाढते, पाण्यासारखी शी होते, चड्ड्या बदलून जीव मेटाकुटीला येतो. बरेच पालक इथेच औषध बंद करतात की आता तर जुलाब झाले. पण गोळ्याच्या कडेने पाणी येणं म्हणजे पोट साफ झालं असं नाही. कधी थांबायचं ते डॉक्टर पोट चाचपून सांगतात. आम्ही हे दिवाळीच्या सुट्टीत केलं, शाळा नसताना, आणि कुठे बाहेरगावी गेलो नाही. मात्र मूल उलट्या करत असेल, पोट फुगून टणक झालं असेल तर मोठी मात्रा घरी सुरू करू नये.

औषध आत जाऊन काय करतं

पीईजीचा रेणू लांबलचक साखळीसारखा असतो. तो रक्तात जवळजवळ शोषलाच जात नाही. ज्या पाण्यात कालवून प्यायलो ते पाणी धरून ठेवत तो आतड्यातून प्रवास करतो आणि मळाबरोबर बाहेर पडतो. आतड्याच्या नसांना तो डिवचत नाही, स्नायूंना ओढत नाही. म्हणून पावडर कालवायला सांगितलेलं पाणी पूर्ण घ्यायचं. अर्ध्या पाण्यात घट्ट करून दिली तर औषधाचा अर्थच जातो.

नावावरून एक भीती हल्ली बऱ्याच आया बोलून दाखवतात. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल भेसळ होऊन मुलांचे जीव गेले, २०२२ साली गांबियातल्या मृत्यूंनंतर ते नाव सगळीकडे पोहोचलं. ही दोन वेगळी रसायनं आहेत. डायएथिलीन ग्लायकॉलचा रेणू छोटा, रक्तात झटकन जाणारा आणि मूत्रपिंडं निकामी करणारा. पीईजीचा त्याच्या कित्येक पट मोठा, आतड्यातच राहणारा. नाव मिळतंजुळतं आहे म्हणून चांगलं औषध टाकून देऊ नका. फक्त दुकानात एक पाहा: मोठ्यांना कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या, आधी देतात ती क्षार घातलेली मोठी पुडी वेगळी. रोजच्यासाठी डॉक्टर बहुधा क्षार नसलेली पावडर लिहितात. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच घ्यायचं.

दुसरं नेहमीचं औषध लॅक्ट्युलोज. हे गोड, पाकासारखं पातळ औषध म्हणजे कारखान्यात बनवलेली अशी साखर, जी आपल्या लहान आतड्याला पचवता येत नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात, आम्ल आणि वायू तयार होतो, आणि पाणी आत ओढलं जातं. यात वायू होत असल्याने पोट गुबारतं, मूल पादतं; त्यात काळजीचं काही नाही. एक वर्षाखालच्या बाळांना बहुतेक वेळा हेच देतात. मोठ्या मुलांत पीईजी त्याहून सरस ठरते.

सोनामुखी, म्हणजेच सेना, आणि बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट ही औषधं वेगळ्या घरातली. ती आतड्याच्या भिंतीला चेतवून जोरात आकुंचन घडवतात. पहिल्या औषधाने भागलं नाही तर डॉक्टर ती जोडीला देतात. पोटात मुरडा येऊ शकतो. लंगोटातल्या मुलाला सेना दिली आणि शी बराच वेळ अंगाला लागून राहिली तर कुल्ल्यांवर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून लगेच धुवावं.

मोठ्यांसाठी घरात ठेवलेली जुलाबाच्या औषधाची बाटली मुलाला चमचाभर देऊन पाहू नये. त्यांतल्या काहींत लिक्विड पॅराफिन असतं. लहान मूल ठसकलं आणि ते फुप्फुसात गेलं तर तेलाचा न्यूमोनिया होतो, तो बरा व्हायला फार कठीण. फॉस्फेटचा एनिमा तर दोन वर्षांखालच्या मुलाला घरी कधीच नाही. तो आतच राहिला तर फॉस्फेट रक्तात चढतं, कॅल्शियम घसरतं, आणि जिवावर बेततं.

एरंडेल, पानाचं देठ, साबणाची कांडी

आमच्या सासूबाईंनी आपल्या चारही मुलांना रविवारी सकाळी एरंडेल दिलं होतं. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण एरंडेलाचं पोटात गेल्यावर रिसिनोलिक आम्ल होतं आणि ते आतड्याला जोराचे पिळे देतं. गोळा अडकलेल्या मुलाला ते पिळे म्हणजे शिक्षा. त्या दिवशी भडाभड होतं, पुढचे तीन दिवस काही नाही, आणि शेवटी पुन्हा खडा. नाक धरून, हातपाय आवळून तेल पाजताना ते श्वासात जाण्याचा धोका वेगळाच.

विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून गुदद्वारात घालणं अजूनही चालतं. साबणाने आतलं नाजूक अस्तर सोलल्यासारखं होतं. वरवर उपाय लगेच दिसतो, पण मुलाच्या मनात त्या जागेची धास्ती आणखी पक्की होते, आणि आपला सगळा झगडा त्या धास्तीशीच आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवणंही टाळा, त्यातून बोट्युलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो; आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठताच असतं.

किती दिवस

पोट साफ झाल्यावर रोजची मात्रा कमी असते. त्याच सूचनांनुसार दर किलोमागे सुमारे ०.४ ग्रॅमने सुरुवात करतात आणि ०.२ ते ०.८ च्या दरम्यान मागेपुढे करतात. १५ किलोला साधारण ६ ग्रॅम. रोज एक मऊ शी, न दुखता, हे मोजमाप. पातळ झाली तर थोडं कमी, कडक झाली तर थोडं जास्त. किमान दोन महिने द्यायचं, आणि सगळा त्रास जाऊन एक महिना उलटल्याशिवाय कमी करायला घ्यायचं नाही. किमान म्हणजे कमीत कमी. ज्यांचं जुनं दुखणं आहे त्यांना सहा महिने, वर्ष, कधी जास्तही लागतं. तज्ज्ञांपर्यंत पोहोचलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय बरी राहायला लागतात. उपचार जितका लवकर, तितकं लवकर सुटतं.

मी पहिल्यांदा सतराव्या दिवशी औषध बंद केलं. रोज छान होत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सवय लागेल त्याच्या आतड्याला, मग जन्मभर औषधाशिवाय होणार नाही." मलाही ते पटलं. नवव्या दिवशी तो पुन्हा पडद्यामागे होता.

तेव्हा काय चुकलं होतं ते आता कळतं. सतरा दिवसांत शी मऊ झाली, पण पसरलेला गुदाशय एवढ्यात आक्रसत नाही. आणि तीन वर्षांचं मूल सतरा दिवसांत दुखणं विसरत नाही. त्याला रोज, महिनोन्‌महिने, न दुखता शी होण्याचा अनुभव घ्यावा लागतो. औषध तो अनुभव मिळवून देतं. आतड्यात पाणी धरून ठेवणाऱ्या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. अशा मुलात बसलेली असते ती रोखून धरण्याची सवय, आणि ती मोडेपर्यंत औषध लागतं.

खाणं आणि बसणं

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण सल्ले सगळे त्याच्यावरच मिळतात. भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका हे हवंच. बिस्किटं, मैद्याचं, आणि दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध कमी करायचं. दुधानेच पोट भरलेलं मूल जेवणार तरी कधी? पण वयाला साजेसं खाल्लं-प्यायलं की पुरे. त्याहून जास्त पाणी पाजत राहिल्याने किंवा कोंडा, इसबगोल कोंबल्याने बद्धकोष्ठता बरी होते याला आधार नाही, आणि गोळा अडकलेला असताना तंतुमय खाण्याचा मारा केला तर पोट जास्तच फुगतं. "भाज्या खात नाही म्हणून होतंय" असं म्हणून औषध लांबवलं की सगळा दोष मुलाच्या आणि आईच्या माथी बसतो, आणि गुदाशय तेवढा आणखी पसरतो.

बसण्याला मात्र खरं महत्त्व आहे. जेवल्यावर पोट भरताच मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो. त्याचा फायदा घेऊन न्याहारी किंवा जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, झाली नाही तरी उठू द्यायचं. पाय लोंबकळत असतील तर मुलाला जोर लावता येत नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल हवं, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असं. देशी संडासात ही बैठक आपोआप मिळते, फक्त भोक मोठं वाटून लहान मुलं घाबरतात. त्यांना पॉटवर बसवावं. जे मूल लंगोटातच करायला तयार आहे त्याला सध्या लंगोटात करू द्या. आधी न दुखता होणं, मग जागा. शाबासकी बसल्याबद्दल द्यायची, झाल्याबद्दल नाही, कारण बसणं तेवढं त्याच्या हातात असतं.

थांबू नये अशी लक्षणं

जन्मानंतर ४८ तासांत काळी पहिली शी झाली नव्हती, किंवा पहिल्या महिन्यातच त्रास सुरू झाला, तर हिर्शस्प्रंग आजाराची तपासणी हवी. डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रंग या बालरोगतज्ज्ञाने १८८६ साली त्याचं वर्णन केलं. पाच हजारांत सुमारे एका बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, वजन न वाढणं, चीर नसताना रक्त, पायांत अशक्तपणा, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, यांपैकी काही दिसलं तर नुसतं जुलाबाचं औषध देऊन वाट पाहू नका. थायरॉइड कमी असणं आणि सीलिॲक हा गव्हाचा आजारही डॉक्टर गरज वाटल्यास तपासतात.

दुसऱ्या वेळी आम्ही अकरा महिने औषध दिलं. बंद करताना मात्रा एकदम थांबवली नाही; दर तीन-चार आठवड्यांनी थोडी थोडी उतरवली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण करायचो: मऊ झाली तर टिंब, कडक झाली तर फुली, नाही झाली तर चौकट रिकामी. सलग दोन रिकाम्या चौकटी दिसल्या की आधीच्या मात्रेवर परत, असं डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलं होतं, त्यामुळे फोन करायला संकोचावं लागलं नाही.

आता तो पहिलीत आहे. यंदा गणपतीला गावी गेलो, तिथला संडास परसात, रात्री अंधार, मोदक आणि लाडू दोन्ही वेळा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, मी रोखून धरतोय बहुतेक." पुडी पिशवीत होतीच. त्या रात्रीपासून ती सुरू केली, आणि विसर्जनाच्या सकाळी मी कालनिर्णयच्या पानावर टिंब दिलं.